फायनल इयरच्या पोरांना पेडियाट्रिक फिजिओ शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

घोडबंदरची_फिजिओ

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी लहान मुलांची फिजिओ. घोडबंदर रोडला छोटं क्लिनिक आहे, सकाळी होम व्हिजिट आणि दुपारनंतर क्लिनिक. येणारी मुलं जास्त करून सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे सीपी, लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालीत अडचण येते ते, मग डाऊन सिंड्रोमची, वेळेआधी जन्मलेली बाळं ज्यांच्या डिस्चार्ज कार्डावर फिजिओला दाखवा असं लिहिलेलं असतं, जन्मतः मान एका बाजूला वळलेली, बाळंतपणात खांद्याची नस ओढली गेलेली, अधूनमधून एखादा मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा, म्हणजे स्नायू झिजत जाण्याच्या आजाराचा मुलगा. काम आवडतं, त्याबद्दल तक्रार नाही.

आता नवी मुंबईतल्या एका कॉलेजने आठवड्यातून दोन दिवस शिकवायला बोलावलंय. बीपीटीला, म्हणजे फिजिओच्या पदवीला, आपला विषय बहुतेक ठिकाणी न्यूरोच्या पोटातच असतो त्यामुळे लेक्चर मोजकीच मिळतात, आणि ओपीडीच्या पोस्टिंगला मुलं घोळक्याने येतात नि घोळक्यानेच जातात. मला जुना टीचिंग प्लॅन दिलाय त्यात पहिले काही तास रिफ्लेक्सचा, म्हणजे तान्ह्या बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचालींचा तक्ता, मोरो कधी येतो कधी जातो, एटीएनआर कधी जातो, मग माइलस्टोनचा, म्हणजे कुठल्या वयात बाळ काय करतं त्याचा तक्ता, मग सीपीचे प्रकार. मी पण असंच शिकले होते आणि पहिलं खरं बाळ हातात आलं तेव्हा त्या तक्त्यातलं काहीही कामाला आलं नव्हतं, बाळ रडायला लागलं की आपलं डोकंच बंद पडतं.

तर विचारायचं हे की जे शिकवतात त्यांनी सांगा, पहिल्या पाच-सहा तासात नक्की काय करावं? माझ्या क्लिनिकमधली मुलं वर्गात डेमोला न्यावीत का, की ते बरं दिसत नाही? दुसरं म्हणजे एनडीटी, म्हणजे थेरपिस्टने मुलाला हातांनी धरून नीट हालचाल करून घ्यायची ती बोबाथची पद्धत. माझी स्वतःची प्रॅक्टिस गेल्या काही वर्षांत बरीच बदललीये, पण कॉलेजात अजून बोबाथ हाच देव आहे आणि परीक्षेतही तेच विचारतात. पोरांना काय सांगू? आणि आईबाबा लोक पण असतील इथे, त्यांनीही लिहा, तुमचं जास्त उपयोगी पडेल असं वाटतंय.

नेरुळचा_मास्तर

अभिनंदन आणि सहानुभूती दोन्ही. मी बरीच वर्षं शिकवतोय, हल्ली क्लिनिकल पोस्टिंगच जास्त बघतो.

तक्ता पहिल्या दिवशी अजिबात नको. आपल्या मुलांचा खरा प्रॉब्लेम हा आहे की त्यांनी धडधाकट बाळ कधी नीट बघितलेलंच नसतं. एकत्र कुटुंबं गेली, इमारतीत बाळ असलं तरी बंद दाराआड, आणि हा पोरगा एकविसाव्या वर्षी थेट स्पास्टिक, म्हणजे स्नायू ताठ असलेलं बाळ बघतो, मग त्याला वेगळं काय आहे ते कळणार कुठून.

माझा जुना उपाय सांगतो, फुकट आहे. परवानगी काढायची आणि लसीकरणाच्या दिवशी पोरांना महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रावर न्यायचं. सरकारी वेळापत्रकच असं आहे की दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नऊ ते बारा महिने, मग सोळा ते चोवीस महिने, म्हणजे माइलस्टोनचा अख्खा तक्ता बाकड्यावर रांगेत बसलेला असतो. दीड महिन्याचं बाळ उचललं की मान कशी मागे जाते, आणि साडेतीन महिन्याचं आईच्या खांद्यावरून पंखा बघत कसं टुकूटुकू बसतं हे एकदा शेजारी शेजारी दिसलं की जन्मात विसरत नाही. एकच नियम, बघायचं ते इंजेक्शनच्या आधी. नंतर सगळी रडतात आणि मग कोणाचा टोन, म्हणजे स्नायूंचा ताण, कसा ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

तिथेच दोन गोष्टी शिकवून घ्या. एक, माइलस्टोनचं वय ही रेंज असते. डब्ल्यूएचओच्या २००६ च्या अभ्यासात एकट्याने चालायला लागायचं वय साधारण ८ ते साडेसतरा महिने असं आलंय, आणि शंभरात चारेक मुलं हातागुडघ्यावर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. पोरं 'बारा महिन्याला चालतं' असं पाठ करून येतात आणि तेरा महिन्याच्या बाळाच्या आईला उगाच घाबरवतात. दोन, वर्षाच्या आतलं बाळ सगळं एकाच हाताने करतंय आणि आई कौतुकाने सांगतेय की आमचा डावखुरा आहे, तिथे कौतुकात सामील व्हायचं नाही, दुसरा हात नीट बघायचा, मूठ उघडते का, अंगठा आत दाबलेला राहतो का. इतक्या लहानपणी हाताची पसंती ठरत नसते, ठरलेली दिसली तर अर्ध्या अंगाच्या सीपीची शंका धरायची आणि डॉक्टरांकडे पाठवायचं.

वेळेआधी झालेलं असेल तर करेक्टेड वय तोंडी काढायला लावा. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलं म्हणजे आठ आठवडे आधी, मग आज सहा महिन्यांचं बाळ साधारण चार महिन्यांच्या मापाने बघायचं. सोपं गणित आहे पण व्हायव्हात निम्मी पोरं बेरीज करतात वजाबाकीच्या जागी.

क्लिनिकमधली मुलं वर्गात नेऊ नका असं माझं स्पष्ट मत. चाळीस जण गोल करून बसलेत आणि मध्ये गादीवर मूल, ते मूल तरी काय करून दाखवणार. त्यापेक्षा आईबाबांची लेखी परवानगी घेऊन व्हिडिओ करा, चेहरा झाकता आला तर झाका, आणि वर्गात आवाज बंद करून लावा. आवाज बंद केला की पोरं बाळाकडे बघतात, नाहीतर तुमच्या कॉमेंटरीकडे लक्ष.

हात बसायला बाहुली. आपल्याकडे एकमेकांवर प्रॅक्टिस करतात, सत्तर किलोच्या मित्राला 'बाळ' समजून पालथं करतात, त्याने काय होणार. कापडी बाहुलीत तांदळाच्या पुरचुंड्या भरून पाच-सहा किलोची करा, डोकं मुद्दाम जड ठेवा. मान सावरायची सवय तिथे लागते.

ऐरोलीची_आई

मी फिजिओ नाही, सीपी असलेल्या मुलाची आई. लेक आता शाळेत जातो, वॉकर धरून चालतो. धाग्यात आईबाबांनी लिहा म्हटलंय म्हणून लिहिते, राग मानू नका.

तुमच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट शिकवा, फाइल आधी वाचा. कॉलेजच्या ओपीडीत पोस्टिंग बदलली की नवीन मुलगा किंवा मुलगी येणार, हसून पेन काढणार आणि पहिला प्रश्न विचारणार, बाळ जन्मल्यावर लगेच रडलं होतं का? तो दिवस मी विसरायचा प्रयत्न करत असते आणि दर बॅचला मला परत त्या लेबर रूममध्ये नेऊन उभं करतात. लगेच रडला नव्हता, हे फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, लाल पेनाने लिहिलंय. एकदा मी म्हटलं की अहो लिहिलंय ना तिथे, तर तो बिचारा म्हणाला हिस्ट्री घेतल्याशिवाय मॅडम सही देत नाहीत. मुलाची चूक नाही हो, पण ज्या मॅडम सही देतात त्यांनी विचार करायला हवा. सरळ म्हणा ना की मी फाइल वाचलीये, त्यानंतर काय काय बदललं ते सांगाल का. मी तासभर सांगेन.

आणि ते घरी करायच्या व्यायामाचे कागद. झेरॉक्सवर बारा व्यायाम, प्रत्येक दहा वेळा, दिवसातून तीनदा. मी सकाळी साडेपाचला उठते, डबे, पाणी, नवऱ्याची शिफ्ट, सासूबाईंचं बीपी, मग ह्याला घेऊन ट्रान्स हार्बर. मी कधी करू ते? तिथे विचारलं घरी केलं का तर मी हो म्हणायचे, सगळ्याच आया म्हणतात, तुम्ही लोकांनी ते खरं धरू नका.

एका इंटर्न मुलीने मात्र मला विचारलं की ताई, आंघोळ कुठे घालता? म्हटलं पाटावर. म्हणाली मग रोज आंघोळीला पाटावरून उठताना त्याला उचलू नका, समोरच्या बादलीला नाही, नळालाही नाही, तुमच्या खांद्याला धरू दे आणि स्वतः उठू दे, साबण लावायच्या आधी, ओलं नसताना. एवढंच. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागला नाही आणि ते रोज झालं. हळूहळू पाट गेला, चौरंग आला, मग त्याचा तोच उठायला लागला. ती मुलगी कुठल्या बॅचची ते आता आठवत नाही पण तिला पूर्ण मार्क द्यायला हवेत.

इंटर्न_आहे_अजून

ताई, वाचून एकदम गिल्टी वाटलं, आम्ही सगळे तो रडण्याचा प्रश्न विचारतो, आम्हाला तसंच शिकवलंय.

मी सध्या इंटर्नशिप करतोय, पेड्सची पोस्टिंग नुकतीच संपली. मॅडम, तुम्हाला विद्यार्थ्याच्या बाजूने सांगतो. आम्हाला सगळ्यात जास्त भीती कसली वाटते तर मूल रडण्याची, आणि त्याहून जास्त म्हणजे आजी बघत असते त्याची. आजी कोपऱ्यात बसून प्रत्येक हालचालीला स्स्स करते. आणि मग आई विचारते तुम्हाला मुलं आहेत का. मला अजून गर्लफ्रेंड नाहीये.

पोस्टिंगला एक सर होते त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांचे अॅप्रन काढायला लावले कारण पांढरा कोट म्हणजे सुई हे पोरांना पाठ असतं, आणि म्हणाले पहिली दहा मिनिटं मुलाला हात लावायचा नाही, जमिनीवर बसा, त्याच्याकडे टक लावून बघू नका, आईशी बोला आणि हातात एखादा डबा असू दे ज्यात काहीतरी खुळखुळतंय. मूल स्वतःच येतं. आणि ते येतं ना, तीच तर अर्धी असेसमेंट. कसं आलं, ढुंगणावर घसरत की रांगत, वळलं कोणत्या बाजूने, डबा बाकावर ठेवला तर धरून उभं राहिलं का, उभं राहताना कुठला पाय आधी पुढे घेतला. त्यांनी नंतर आम्हाला फॉर्म भरायला लावला तर निम्म्या रकान्यांची उत्तरं हात न लावता मिळाली होती. हे लेक्चरमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

मुलग्यांसाठी पण काहीतरी सांगा मॅडम. थोडी मोठी मुलगी पेशंट असली की पालक बिचकतात आणि ते बरोबरच आहे, पण आम्ही कसं वागायचं ते कोणी शिकवत नाही, नुसतं तू बाहेर थांब म्हणतात.

नेरुळचा_मास्तर

@इंटर्न, आई किंवा घरचं कोणीतरी कायम खोलीत, दार उघडं किंवा अर्धं उघडं, आणि हात लावायच्या आधी मुलीला सांगायचं, आईला नव्हे, मुलीला, की आता मी तुझा गुडघा धरणार आहे, चालेल का. ती नाही म्हणाली तर थांबायचं. बोलता न येणारं मूलही नाही म्हणतं, तोंड फिरवतं, अंग ताठ करतं. हे मुलग्यांनाच नाही, सगळ्यांनाच लागू. बाहेर थांब सांगणं हे शिकवणं नाही, टाळणं आहे.

जुनी_खोड_ठाणे

धागा चांगला चाललाय पण एनडीटीवर कोणी बोलत नाहीये तर मी बोलतो, मला माहितीये की आता माझ्यावर तुटून पडणार सगळे.

मी नौपाड्यात प्रॅक्टिस करतो आणि बोबाथचं ट्रेनिंग घेतलेला माणूस आहे. बोबाथ नवरा-बायकोने १९४० च्या दशकात लंडनमध्ये हे सुरू केलं तेव्हा या मुलांकडे कोणी बघतही नव्हतं हे विसरू नका. हल्लीची पोरं ते सीपीच्या कुठल्या उपचाराला किती पुरावा आहे ते सांगणारं लाल-पिवळं-हिरवं सिग्नलवालं पेपर वाचून येतात आणि सांगतात सर एनडीटी लालमध्ये आहे. ठीके, आहे. पण त्याच पोराला म्हटलं की हे ताठ झालेलं, पाय कात्रीसारखे झालेलं मूल आईच्या कडेवर नीट कसं द्यायचं ते दाखव, तर त्याला येत नाही. डायपर कसं बदलायचं, पाय जबरदस्तीने फाकवायचे नाहीत तर कंबर आधी वाकवून मग सावकाश, भरवताना मान मागे पडू द्यायची नाही नाहीतर घास श्वासनलिकेत जातो, हे सगळं हँडलिंगच आहे ना? हात शिकवायचेच नाहीत तर मग फिजिओ कशाला, यूट्यूब आहे की.

घोडबंदरची_फिजिओ

@जुनी_खोड, नाही तुटून पडत सर, उलट बरं झालं तुम्ही लिहिलंत. पण माझा मुद्दा थोडा वेगळा आहे.

तो पेपर २०१३ चा, मग २०२० मध्ये परत आला. त्यात हिरव्यात काय आहे ते बघा, मुलाने स्वतः हालचाल करणं, खऱ्या कामाचा सराव, ठरवलेलं एक गोल म्हणजे उद्दिष्ट, घरचा प्रोग्राम, एका बाजूच्या सीपीत चांगला हात बांधून अडलेल्या हाताने काम करून घेणं. आणि लालमध्ये काय, तर जिथे थेरपिस्ट मुलाला हलवतो आणि मूल हलवून घेतं ते. म्हणजे मी तासभर बॉलवर ठेवून छान टोन उतरवला, मूल घरी गेलं, संध्याकाळी परत तसंच. हे मी रोज बघायचे. आईला वाटायचं मॅडमच्या हातात जादू आहे, आणि तोच तर घोटाळा आहे, जादू माझ्या हातात असून त्या पोराला काय उपयोग, मी त्याच्या शाळेत थोडीच असणारे.

तुम्ही म्हणताय ते कडेवर घेणं, डायपर, भरवणं, ते मी शिकवणारच, पण त्याला मी उपचार म्हणणार नाही, ती रोजची काळजी आहे आणि ती आईला आणि आजीला शिकवायची. उपचार म्हणजे त्याला पाटावरून उठायचंय, रिक्षात चढायचंय, वर्गात बाकावर न पडता बसायचंय, आणि ते करता करताच शिकणार. ऐरोलीच्या ताईंनी आंघोळीचं लिहिलं ना, ते वाचून मी तर ठरवलं की पहिलं लेक्चर तेच. त्यात गोल आहे, सराव आहे, घरचं सामान आहे, आई आहे.

परीक्षेचं काय करू ते मात्र अजून कळत नाहीये.

जुनी_खोड_ठाणे

परीक्षेत एनडीटीची तत्त्वं लिहायला शिकवा आणि शेवटी चार ओळी सध्याचा पुरावा काय म्हणतो त्याच्या लिहायला सांगा. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, माझ्यासारखा असला तर मार्क कापणार नाही, शपथ. बाकी काळजी आणि उपचार अशी रेघ मारता येते हे मला मान्य नाही. ताठ मूल नीट धरलं तर त्याचा हात मोकळा होतो आणि हात मोकळा झाला तरच ते खेळणं पकडतं, मग उपचार कुठे सुरू झाला? यावर चहा पिऊन बोलू कधीतरी.

एक मात्र पोरांच्या डोक्यात पक्कं घाला. 'स्ट्रेंथनिंग चांगलं' असं एक वारं आलंय सध्या. सीपीला ठीक आहे. पण पाच-सहा वर्षांचा मुलगा, पोटऱ्या भरलेल्या, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत उठतो, सारखा पडतो, आई सांगते आळशी आहे, तर तो ड्युशेन, म्हणजे मस्क्युलर डिस्ट्रॉफीचाच एक प्रकार, असू शकतो आणि त्याला जिना चढ-उतार, उठाबशा असलं काही द्यायचं नाही. उतरताना स्नायू ताणला जात असताना जोर लावतो, त्या मुलांचे स्नायू त्यानेच जास्त फाटतात. एका उत्साही पोराने भलत्या मुलाला उठाबशा लावल्या तर निस्तरणार कोण.

आशाताईंसोबत_फिरणारी

मी ठाणे जिल्ह्यात सरकारी कामात आहे, फिजिओच. थोडं आमच्या बाजूचं.

कॉलेजमधून येणाऱ्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणजे काय तेच माहिती नसतं. २०१३ पासून आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणी होते, जन्मजात व्यंग, कमतरता, आजार, विकासातला उशीर हे चार भाग, आणि पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, सगळे डीईआयसी म्हणतात, तिथे फिजिओ एका छताखाली बाकीच्यांबरोबर असणं अपेक्षित असतं. हे विद्यार्थ्यांना दाखवा. खारघरला बौद्धिक दिव्यांगांच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तुमच्या कॉलेजपासून लोकलने जाण्यासारखं आहे सगळं, एक एक दिवस घेऊन जा.

शहापूर-मुरबाडकडच्या बाया तुमचा थेरपी बॉल घेऊन काय करणार? मी लोड सांगते, नसेल तर जुन्या साड्यांची गच्च वळकटी, त्यावर पालथं. उभं राहायला कणगीचा नाही तर पेटीचा काठ.

आणि वॉकर! बसून पायाने ढकलत फिरायचा तो प्लास्टिकचा वॉकर. बारशाला भेट आलेला असतो आणि आजीला वाटतं बाळ लवकर चालेल. लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून पडतात, उंबऱ्याला अडकून उलटतात, गरम चहापर्यंत हात पोचतो. कॅनडाने २००४ मध्ये विक्रीवर बंदीच घातली, अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ कधीचे बंदी मागतायत. आपल्याकडे दुकानात दारातच टांगलेले. मी आजीला वॉकर नको म्हणत नाही, मी म्हणते आजी पांगुळगाडा आणा, आपला लाकडी. तो बाळाला स्वतः उभं राहून ढकलावा लागतो, अंगाचं वजन स्वतःच्याच पायावर येतं, फार जोरात पळायला लागला तर दोन विटा ठेवायच्या वर. आजी लगेच खूश, कारण तिच्या काळातली वस्तू फिजिओने मान्य केली.

पेन्सिल_आणि_मणी

ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट बोलतेय. एकच विनंती, तुमच्या विद्यार्थ्यांना शिकवा की हाताचं, जेवणाचं, कपडे घालण्याचं, सेन्सरीचं आलं की ओटीला हाक मारायची. परवा एका फिजिओने मुलाला पेन्सिल ग्रिपचे व्यायाम दिले होते, मूल बाकावर सरळ बसतच नव्हतं, ते बघायचं सोडून. आम्हीही तुमच्या चालण्यात लुडबुड करत नाही. करतो कधीकधी. पण कमी करतो.

ऐरोलीची_आई

परत आले. अजून एक आठवलं ते सगळ्यात महत्त्वाचं आहे खरं तर.

चालेल का? हा प्रश्न प्रत्येक आई विचारते आणि प्रत्येक जण गोल गोल बोलतो. बघू या, प्रयत्न करत राहा, देव आहे. दोन वर्षं मला कोणी सरळ उत्तर दिलं नाही, त्या दोन वर्षांत मी कुठे कुठे पैसे घातले ते विचारू नका, स्टेम सेलच्या जाहिरातीपर्यंत गेले होते, कर्ज काढायच्या बेतात होतो. शेवटी एका मॅडमनी कागदावर पाच पायऱ्या काढल्या आणि म्हणाल्या ताई, तुमचा मुलगा साधारण या तिसऱ्या पायरीवर आहे, म्हणजे काहीतरी धरून चालेल, लांब जायला व्हीलचेअर लागेल, मोकळं पळणं होईल असं मला वाटत नाही. मी त्या रात्री खूप रडले. पण त्यानंतर स्टेम सेल बंद, बाबा-बुवा बंद, वॉकर घेतला, शाळेत रॅम्पसाठी भांडले. विद्यार्थ्यांना हे बोलायला शिकवता का तुम्ही लोक?

घोडबंदरची_फिजिओ

ताई, नाही शिकवत. निदान मला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या पाच पायऱ्या म्हणजे जीएमएफसीएस, सीपीच्या मुलाची हालचाल किती जमते त्याची वर्गवारी, पहिली सगळ्यात सौम्य नि पाचवी सगळ्यात गंभीर, १९९७ पासून आहे, पाठ सगळ्यांना असतं पण फाइलवर आकडा लिहायला वापरतात, आईशी बोलायला नाही. कॅनडात ऑन्टारिओमध्ये खूप मुलांना काही वर्षं फॉलो करून २००२ मध्ये आलेख काढले, त्यात दिसतं की पहिल्या पायरीची मुलं हालचालीची बहुतेक मजल पाचेक वर्षांपर्यंत मारतात आणि पाचव्या पायरीची त्याच्याही बरीच आधी, तीन वर्षांच्या आतच. याचा अर्थ नंतर थेरपी फुकट असा नाही, पण नंतर गोल बदलतात, श्रम वाचवणं, दुखू न देणं, शाळा, मित्र, आणि तिसऱ्या पायरीपासून पुढच्या मुलांचा खुब्याचा एक्स-रे ठरावीक काळाने काढत राहणं कारण खुबा आवाज न करता सरकतो आणि कळतं तेव्हा ऑपरेशनच उरतं. अगदी लहान बाळात, दोन वर्षांच्या आत, पायरी पुढेमागे होऊ शकते म्हणून तेव्हा परत बघू असं म्हणणं प्रामाणिक आहे. दोन वर्षांपर्यंत मूल आधाराशिवाय बसायला लागलं तर चालण्याची आशा चांगली असते, हेही सांगता येतं. पण चार-पाच वर्षांच्या मुलाच्या आईला बघू या म्हणणं ही पळवाट आहे. स्टेम सेलचं तर स्पष्ट सांगायला हवं, सीपीसाठी तो मान्य उपचार नाहीये.

मी ठरवलंय की दोन विद्यार्थी, एक आई होणार, एक फिजिओ, आणि 'चालेल का' याचं उत्तर द्यायचं. बाकीचे ऐकणार. रोल प्ले म्हणून हसतील पहिल्यांदा, हसू देत.

ऐरोलीची_आई

आई व्हायला खरीच हवी असेल तर सांगा, मी येते. ऐरोलीहून लोकलने कितीसं लांब आहे. मात्र प्रश्न मी विचारणार आणि बघू या म्हणणाऱ्याला नापास करणार.

आणि हो, यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आणि निरामय विमा हे पण सिलॅबसमध्ये घाला. सीपी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता असलेल्यांना एक लाखापर्यंतचं कव्हर आहे, नॅशनल ट्रस्टचं, त्यात थेरपीचे पैसे पण काही प्रमाणात मिळतात. मला ते दुसऱ्या एका आईने वेटिंग रूममध्ये सांगितलं, फिजिओने नाही.

घोडबंदरची_फिजिओ

ताई, या, नक्की या, व्यनि करतेय. मी कॉलेजशी बोलते, येण्याजाण्याचे आणि तुमच्या वेळेचे पैसे त्यांनी द्यायला हवेत, पाहुण्या लेक्चररला देतात तसेच, फुकट बोलावणार नाही.

तर सध्याचा बेत असा. पहिला दिवस लसीकरण केंद्र, परवानगीचं पत्र उद्या टाकते. दुसरा दिवस अॅप्रन काढून जमिनीवर, तांदळाच्या बाहुल्या आणि जुनी_खोड सरांचं कडेवर घेणं, सर तुम्हीच या ना शिकवायला, चहा तिथेच पिऊ. तिसरा दिवस पाट, बादली, रिक्षा, म्हणजे प्रत्येकाने एका घराला एकच गोष्ट द्यायची, झेरॉक्स बंद. चौथा ऐरोलीच्या ताई. ड्युशेनच्या मुलाचा जमिनीवरून उठतानाचा एक व्हिडिओ आहे माझ्याकडे पालकांच्या परवानगीचा, तो मध्येच कुठेतरी न सांगता लावणार, बघू किती जण व्यायाम द्यायला धावतात. रिफ्लेक्सचा तक्ता पाचव्या दिवशी, तोही बाळं बघून झाल्यावर.

ओटी मॅडम, तुमच्यासाठी अर्धा तास ठेवलाय. पेन्सिल घेऊन या.

इंटर्न_आहे_अजून

मॅडम, पासआउट लोकांना बसू देतील का मागच्या बाकावर?